बाराचा हिशेब

माणूस सुट्टीला का जातो, तर त्याला घराचा कंटाळा येतो म्हणून. तीच भांडी, तीच शेगडी, तोच ठिबकणारा नळ, रात्री पांघरुणावरून तीच ओढाताण. यातून थोडे दिवस सुटका व्हावी म्हणून तो बॅग भरतो. कॅराव्हॅन ज्याने शोधून काढली त्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याने भांडी, शेगडी, नळ आणि पांघरुणं एका पत्र्याच्या खोलीत भरली, खाली चाकं लावली आणि ती खोली गाडीच्या मागे अडकवून दिली. आता कितीही लांब पळा, आरशात पाहिलं की घर मागोमाग येतंच आहे.

ऑस्ट्रेलियात या पाठलागाला मोठी प्रतिष्ठा आहे. निवृत्त जोडपी राहतं घर भाड्याने देतात, कॅराव्हॅन घेतात आणि महिनोन्‌महिने देशभर हिंडत राहतात. त्यांना इथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. दक्षिणेत थंडी पडली की ते उत्तरेला, उत्तरेत उकडायला लागलं की दक्षिणेला. त्यांच्या कॅराव्हॅनमध्ये सगळं जागच्या जागी असतं, कारण ते दोघंच असतात आणि दोघांचं बोलणं बहुधा संपलेलं असतं.

आम्ही सहा जण होतो आणि कुणाचंच बोलणं संपलेलं नव्हतं. ईस्टरच्या सुट्टीत सासू-सासरे बुलढाण्याहून मेलबर्नला आले होते. हॉटेलात राहायचं तर दोन खोल्या हव्यात. आईंना, म्हणजे सासूबाईंना, बाहेरचं चालत नाही. मुलांना काल खाल्लेलं सोडून काहीच चालत नाही. कागदावर कॅराव्हॅन हे सगळ्याचं उत्तर होतं. मार्गही कागदावर देखणा होता. ग्रेट ओशन रोडने पश्चिमेला जायचं, समुद्रातले ‘बारा प्रेषित’ पाहायचे, सीमा ओलांडून साउथ ऑस्ट्रेलियात शिरायचं, माउंट गॅम्बिअरचं निळं तळं, नाराकुर्टच्या गुहा, मग व्हिक्टोरियात परत येऊन गुलाबी तळं आणि ग्रॅम्पियन्सचे डोंगर. निसर्गाने त्या पट्ट्यात सढळ हाताने देऊन ठेवलं आहे आणि पर्यटन खात्याने त्याहून सढळ हाताने त्याला नावं देऊन ठेवली आहेत.

मंडळींची ओळख करून द्यायला हवी. अप्पा, म्हणजे माझे सासरे, बुलढाणा डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर. मलकापूरच्या रस्त्यावरचा राजूर घाट त्यांनी इतक्या वेळा चढला-उतरला आहे की जगातल्या कुठल्याही वळणाबद्दल त्यांचं मत तयार असतं. आईंचं माहेर मेहकरकडचं. लोणारचं सरोवर तिथून जवळ, त्यामुळे पाण्याने भरलेल्या कुठल्याही खड्ड्याबद्दल त्यांचं मत तयार असतं. थोरली सात वर्षांची. तिला शाळेत नुकत्याच चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारून मोजायला शिकवलं होतं आणि मोजण्यासारखं काही दिसतंय का याच्या ती शोधात होती. धाकटा चार वर्षांचा. तो दगड गोळा करतो.

निघतानाच पहिला कायदेशीर पेच पडला. कॅराव्हॅन रस्त्यावर धावत असताना तिच्यात कुणी बसायचं नाही, असा नियम आहे. मुलांना आठवडाभर आम्ही कॅराव्हॅनमधली बंकची गंमत सांगून झोपवलं होतं. आता कळलं की तो बंक, फ्रिज आणि खेळणी मागून आरामात येणार आणि आपण पुढे कारसीटमध्ये करकचून बांधलेले. “घर आपल्याबरोबर येतंय, तर आपण घरात का नाही?” धाकट्याने विचारलं. वकिलालाही निरुत्तर करेल असा प्रश्न. अप्पांनी तो एसटीच्या तत्त्वावर निकालात काढला: लगेज वेगळं, पॅसेंजर वेगळे.

भाड्याने कॅराव्हॅन देणाऱ्या माणसाने वजनाचा वर्गही घेतला होता. जड सामान चाकांच्या आसाजवळ ठेवा, मागच्या टोकाला नको. मागे वजन गेलं की कॅराव्हॅन वेगात डुलायला लागते आणि तिच्याबरोबर गाडीही. म्हणून ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि कुकर बरोबर आसावर बसवले. धाकट्याचा बंक सगळ्यात मागे होता. त्याच्या गादीखाली काय साठत जाणार आहे, याची त्या माणसाला कल्पना नव्हती.

ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला. 1919 ते 1932 या काळात सुमारे तीन हजार माणसांनी कुदळी-फावड्यांनी डोंगराची कड कोरली, मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. लॉर्नपासून अपोलो बेपर्यंत तर वळण संपायच्या आत दुसरं वळण लागतं. दृश्य अलौकिक आहे असं ऐकून आहे. मी पूर्ण वेळ मागे वळून धाकट्याच्या तोंडाखाली पिशवी धरून बसले होते. त्याला गाडी लागली. त्याचं पाहून थोरलीला लागली. अप्पांनी आवळ्याची सुपारी वाटली आणि “पुढं पाहा, खाली पाहू नका” असा हुकूम सोडला. स्वतः ते मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

या रस्त्यावर सावकाश जाणाऱ्या वाहनांनी बाजूला थांबून मागच्यांना वाट द्यावी म्हणून जागोजाग जागा ठेवल्या आहेत. नवरा इमानदारीने प्रत्येक ठिकाणी थांबायचा. सहा-सात मोटारी हात करून पुढे निघून जायच्या. अप्पांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहवत नव्हते. आयुष्यभर लोकांनी त्यांच्याकडे साइड मागितली. म्हातारपणी पोटच्या पोराने ती न मागता वाटत सुटावं!

केनेट रिव्हरला कोआला पाहायला थांबलो. कोआला निलगिरीची पानं खातो. त्या पानांत सत्त्व फारसं नसतं, म्हणून तो दिवसातले अठरा-वीस तास झोपतो. फांदीच्या बेचक्यात बूड रुतवून तो झोपला होता. मी आणि नवरा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो; सहलीतली एवढी मनापासूनची असूया मला पुढे कुठेच वाटली नाही. “हा चालू कधी होतो?” धाकट्याने विचारलं. तेवढ्यात एक लालभडक पोपट उडत आला आणि अप्पांच्या टोपीवर बसला. अप्पा हलले नाहीत, बोलले नाहीत. मुलं तिथून निघेनात. आईही निघेनात, संसारात इतकी शांतता त्यांनी प्रथमच अनुभवली असावी.

संध्याकाळी कॅराव्हॅन पार्कमध्ये शिरल्यावर खऱ्या सहलीला सुरुवात झाली. आखून दिलेल्या जागेत कॅराव्हॅन मागे घ्यायची असते. मागच्या घराचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं आणि ते पटेपर्यंत घर भलतीकडे गेलेलं असतं. आजूबाजूच्या ग्रे नोमॅड मंडळींना ही वेळ बरोबर कळते. नवीन कुटुंब आलं की ते फोल्डिंगच्या खुर्च्या फिरवून घेतात, हातात पेला धरतात आणि मन लावून पाहतात. तिकीट नाही, मध्यांतर नाही.

आमचा प्रयोग रंगला, कारण त्यात दिग्दर्शक तीन होते. उजव्या बाजूला अप्पा: “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... कायले येऊन राहिला? थांब!” डाव्या बाजूला आई पदर खोचून दोन्ही हातांनी एकच खूण करत होत्या, ती ‘ये’ची होती की ‘जा’ची, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. मागे थोरली इंग्रजीत ओरडत होती आणि नवऱ्याने किती वेळा गाडी पुढे-मागे केली याच्या रेघा मारत होती. आडव्या रेघा पानाच्या खाली पोहोचल्या, तेव्हा हाफ चड्डी आणि रबरी चपला घातलेले एक आजोबा खुर्चीतून उठले. त्यांनी नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली: हात स्टिअरिंगच्या तळाशी धर, जिकडे हात नेशील तिकडे मागचं घर जाईल. गेलं. सगळ्या पार्कने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी आयुष्यभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला होता. त्यांना मराठी येत नव्हतं, अप्पांना इंग्रजी बेताचं. तरी दोघं रात्री उशिरापर्यंत हातांनी गिअर टाकत, तोंडाने इंजिनाचे आवाज काढत बोलत बसले होते.

मुलांना मात्र त्या पार्कात निसर्गाचं सर्वोच्च लेणं सापडलं होतं: जमिनीत बसवलेली, हवेने फुगवलेली, घराएवढी उशी. तिच्यावर उड्या मारायच्या. बस्स. धाकट्याच्या मते आपण जिथे निघालो होतो ते ठिकाण आलेलं होतं.

कॅराव्हॅनमधल्या रात्रीबद्दल थोडक्यात सांगते. एकाने कूस बदलली की सहाही जण हलतात. सकाळबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. कॅराव्हॅनमध्ये संडास असतो, त्याच्याखाली चाकं असलेली एक पेटी असते आणि ती रोज रिकामी करावी लागते. पेटी कुणी न्यायची हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं, पण सकाळी सातला पार्कातले सगळे बाप आपापली पेटी ओढत एकाच दिशेने चाललेले दिसतात. कुणी कुणाच्या पेटीकडे पाहत नाही. “आज हवा बरी आहे,” असं म्हणतात. “दुपारी वारा सुटेल,” असं दुसरा म्हणतो. तेवढ्या वाटेत माझ्या नवऱ्याने जितका हवामानाचा विचार केला, तितका लग्नानंतर एकूण केला नव्हता.

आता प्रेषितांकडे वळू. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे प्रचंड सुळके, ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे बारा प्रेषित. लाकडी कठड्यापाशी गर्दी होती, वारा कानफटात मारत होता, खाली लाटा फुटत होत्या. लोक गप्प होते. थोरलीने वही उघडली. चार उभ्या रेघा, एक आडवी, दोन उभ्या.

“सात,” ती म्हणाली.

“नीट मोज,” नवरा म्हणाला.

तिने नीट मोजले. सात. नवऱ्याने फोनवर वाचून सांगितलं की आठ आहेत; आठवा दुसऱ्याच्या आड असेल. “मग बाकीचे चार?” बारा तर कधी नव्हतेच. नाव ठेवलं तेव्हाही बारा नव्हते. पूर्वी या सुळक्यांना ‘डुकरीण आणि तिची पिल्लं’ म्हणत. पुढे पर्यटकांना बरं वाटावं म्हणून पिल्लांचे प्रेषित झाले आणि प्रेषित म्हटल्यावर बारा असणं भागच होतं. त्यातही समुद्र त्यांचे पाय दर वर्षी थोडे थोडे कुरतडत असतो. जुलै 2005 मध्ये एक प्रेषित घटकाभरात ढिगारा होऊन खाली बसला. 2016 मध्ये संशोधकांना किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर, पन्नास मीटर खोल पाण्याखाली आणखी पाच बुडालेले सुळके सापडले. थोरलीने बेरीज केली. आठ अधिक पाच, तेरा. काही केल्या बारा होत नव्हते.

“बारा म्हणता अन् दाखवता सात!” आई म्हणाल्या. “दुधवाल्यानं असं केलं असतं, त मी त्याले दारात उभं नसतं केलं.”

थोरलीने वहीत दोन रकाने आखले. एकाला नाव दिलं ‘बोर्डवर’, दुसऱ्याला ‘खरंच’. पहिल्यात बारा, दुसऱ्यात सात. त्या क्षणी आमची सहल संपली आणि ऑडिट सुरू झालं. धाकट्याने त्या वेळी काय पाहिलं विचाराल, तर कठड्याच्या खिळ्यावरची मुंगी. तिच्याबद्दल बोर्डवर काही नव्हतं, त्यामुळे तिची तक्रारही आली नाही.

पुढचं ठिकाण लंडन ब्रिज. समुद्रात शिरलेली दोन कमानींची नैसर्गिक पुलासारखी भिंत होती, तिच्यावरून लोक चालत जात. 15 जानेवारी 1990 रोजी किनाऱ्याकडची कमान कोसळली आणि पलीकडे गेलेले दोन पर्यटक समुद्रात एकटे उरले; त्यांना हेलिकॉप्टरने उचलून आणावं लागलं. आता त्याला लंडन आर्च म्हणतात. थोरलीने लिहिलं: बोर्डवर पूल, खरंच अर्धा. लंडन ब्रिज पडत असल्याचं एवढंच गाणं तिला ठाऊक असल्यामुळे या बाबतीत तिची अपेक्षाच पडक्या पुलाची होती. इथे निसर्गाला पहिला बरोबरचा टिक मिळाला. अप्पांना त्या दोन माणसांचं फार वाटलं. “रिटर्न तिकीट काढलं असंल त्यांनी,” ते म्हणाले.

वॉर्नम्बूलच्या पुढे टॉवर हिल आहे. मृत म्हणावा असा ज्वालामुखी, त्याच्या विवरात तळी आणि झाडी, झाडीत एमू. 1892 मध्ये व्हिक्टोरिया राज्यातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे 1855 सालचं एक चित्र दाखवतात, ऑयगेन फॉन गेरार या चित्रकाराचं. समोरचं दृश्य अगदी चित्रातल्यासारखं. थोरलीने तपासून पाहिलं, डोंगर आहे, तळं आहे, झाडं जागच्या जागी आहेत. ‘बोर्डवर’ आणि ‘खरंच’ तंतोतंत जुळलं. ती खूश झाली. मग माहिती वाचली तेव्हा कळलं की मधल्या काळात वसाहतवाल्यांनी ही सगळी झाडी तोडून डोंगर बोडका केला होता आणि 1960 च्या दशकात पुन्हा लागवड करताना कुठे काय होतं हे त्या चित्रावरून पाहून झाडं लावली. म्हणजे आख्ख्या सहलीत जे एकमेव ठिकाण चित्राबरहुकूम निघालं, ते चित्र बघूनच केलेलं होतं. ऑडिटमध्ये याला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. एवढ्यात एका एमूने धाकट्याच्या हातातली पोळी नेली.

पोर्टलंडच्या मुक्कामी सीमा जवळ आली आणि एक नवं संकट कळलं. फळमाशीपासून आपल्या बागा वाचवाव्यात म्हणून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं आणि बऱ्याच फळभाज्या नेता येत नाहीत. रस्त्याच्या कडेला पेट्या ठेवलेल्या असतात, त्यांत टाकून पुढे जायचं. सापडल्यात तर दंड. शिजवलेलं मात्र चालतं. आमच्याकडे टोमॅटो होते, हिरव्या मिरच्या होत्या, लिंबं होती आणि आईंनी मेलबर्नच्या बाजारात एकेक हाताळून निवडलेली चार वांगी होती.

“माशीसाठी मी वांगी टाकू?” आई म्हणाल्या आणि त्यांनी शेगडी पेटवली.

त्या रात्री पत्र्याच्या खोलीत जो स्वयंपाक झाला तो लग्नाच्या आदल्या रात्रीचा होता. लिंबं पिळून रस बाटलीत गेला. टोमॅटोचं सार झालं. मिरच्या तव्यावर काळ्या फुटक्या भाजून, लसूण आणि जाडं मीठ घालून तांब्याच्या बुडाने तिथेच रगडल्या, की झाला ठेचा. शेवटी वांगी थेट जाळावर ठेवली. वांग्याची साल तडकून धूर निघायला लागला आणि छतातला धुराचा भोंगा कोकलायला लागला. कॅराव्हॅनमध्ये भोंगा बरोबर शेगडीच्या डोक्यावर असतो, म्हणजे तो बसवणाऱ्याने भरीत कधी खाल्लं नसणार. नवरा टॉवेल फिरवतोय, मुलं आनंदाने नाचतायत, आई कानात बोळे घातल्यासारख्या वांगं फिरवतायत. धाडकन दार उघडलं. दारात आग विझवायचं नळकांडं घेऊन परवाचे ट्रकवाले आजोबा उभे. कॅराव्हॅनवाल्यांच्या जगात तीच माणसं पुढच्या गावात पुन्हा भेटतात; सगळ्यांचा रस्ता एकच असतो आणि कुणालाच घाई नसते.

त्यांना बसवलं. आईंनी त्यांच्यासाठी पावाच्या फाकेवर भरीत आणि त्याच्या टोकावर ठेच्याचा गोळा ठेवला. त्यांनी टोकापासून सुरुवात केली. काही क्षण ते अतिशय स्तब्ध राहिले. नंतर त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. अप्पा त्यांच्याकडे, राजूर घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाडीला पाहावं तसे काळजीने पाहत होते. मग आजोबांनी नाक पुसलं आणि बशी पुन्हा पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सीमेवर थोरलीने गाडीची झडती घेतली. धाकट्याच्या खिशातून एक अर्धवट सोललेलं संत्रं निघालं. ते पेटीत टाकताना त्याने असा आक्रोश केला की मागच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

सीमेपलीकडे घड्याळ अर्धा तास मागे जातं. फोन आपोआप बदलला, गाडीतलं घड्याळ मेलबर्नलाच राहिलं आणि अप्पांच्या मनगटावरचं एचएमटी आल्यापासून बुलढाण्याची वेळ दाखवत होतं. मुलांना हा अर्धा तास फुकट मिळाला आणि त्यांनी तो रोज रात्री, झोपायच्या वेळी, नव्याने मागितला. अप्पांना वेगळाच साक्षात्कार झाला. मेलबर्नमध्ये भारताच्या वेळेशी मिनिटकाटा कधी जुळत नाही. इथे तो तंतोतंत जुळला. “या राज्याचं टायमिंग बरोबर हाये,” असा दाखला त्यांनी साउथ ऑस्ट्रेलियाला देऊन टाकला.

आणि मग निळं तळं. माउंट गॅम्बिअर हे गावच जुन्या ज्वालामुखीच्या अंगावर वसलेलं आहे आणि त्याच्या एका विवरात हे तळं आहे. पत्रकातल्या फोटोत त्याचा रंग असा, की नवऱ्याला छपाईची चूक वाटली होती. कठड्यापाशी पोहोचलो. खाली खोल, गोल, शांत, करड्या रंगाचं पाणी होतं. चौकशी केली. तळं नोव्हेंबरात निळं होतं आणि उन्हाळा सरला की पुन्हा करडं पडतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या चुन्याचे बारीक स्फटिक वेगळे होतात आणि त्यांच्यामुळे निळा प्रकाश विखुरतो. आम्ही एप्रिलात आलो होतो.

“हे कायचं नियं? हे त राखेडं हाये,” आई म्हणाल्या. याच तळ्याचं पाणी गावाला प्यायला पुरवतात, असं मी सांगितलं. “मंग नियं नाही तेच बरं. आमच्या लोणारले आभायातून उल्का आलती. इथं नुसता ज्वालामुखी.”

पत्रकातल्या फोटोत कठड्यापाशी एक कुटुंबही होतं. आई, बाप, दोन मुलं, चौघंही एकाच दिशेला, तळ्याकडे पाहत हसत होती. मी आमच्या मंडळींकडे पाहिलं. थोरली ‘खरंच’च्या रकान्यात ‘ग्रे’ लिहीत होती. धाकटा तळ्याकडे पाठ करून खडीत बसला होता आणि एक दगड जिभेने तपासत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की यात तळ्याचा काही दोष नाही. त्याने निळं राहीन असं कुणाला लिहून दिलेलं नाही. बोर्ड आपण लावतो. मुलांचंही तसंच. सूर्यास्ताकडे डोळे लावून बसणारी, खिडकीतून मेंढरं मोजत जाणारी, गाडी न लागणारी मुलं ही आपण निघण्यापूर्वी छापलेली पत्रकं असतात. प्रत्यक्षात ती एप्रिलमधली तळी असतात. निळी होतात, पण त्यांच्या सवडीने. बहुतेक आपण परत गेल्यावर, सोमवारी सकाळी, शाळेच्या वेळेत.

नाराकुर्टच्या गुहांनी आमची थोडी अब्रू राखली. 1994 पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. छताला पडलेल्या भोकांतून लाखो वर्षं प्राणी आत पडत राहिले, त्यांना वर येता आलं नाही आणि हाडांचे थरावर थर साचले. 1969 मध्ये त्यातला एक मोठा साठा सापडला. पोटाला पिशवी असलेला सिंहासारखा एक शिकारी प्राणी, माणसाहून उंच कांगारू, सगळे खाली येऊन पडलेले. बोर्डवर हाडं होती, खरंच हाडं होती. थोरलीने टिक केला. धाकट्याने मार्गदर्शक बाईंना विचारलं, “ते पडले तेव्हा त्यांची आई कुठे होती?” बाई म्हणाल्या, कधी कधी आईही पडायची. तो पुढे गुहेतून बाहेर येईपर्यंत माझा हात धरून चालला. दुसऱ्या हातात अर्थात दगड होता आणि तो दारातच जप्त झाला.

गुलाबी तळं डिंबूलाच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे त्याला तो रंग येतो, पाऊसपाणी जमून आलं तर. आमच्या वेळी जमलेलं नव्हतं. क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. थोरलीने आता वाचायचेही कष्ट घेतले नाहीत, सरळ फुली मारली. आईंनी मात्र हा विजयाचा क्षण वाया जाऊ दिला नाही. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं, तेही कुणी बोर्ड लावलेला नसताना. “न सांगता झालतं,” त्या म्हणाल्या आणि चिमूटभर मीठ कागदात बांधून घेतलं. तेवढं तरी बोर्डवरचं नव्हतं.

ग्रॅम्पियन्सच्या पायथ्याशी, हॉल्स गॅपला, संध्याकाळी कांगारू क्रिकेटच्या मैदानावर चरायला येतात. ते तिथे होते, भरपूर होते आणि मोजू देईनात. थोरली पंधराला पोहोचली की दोघं उडी मारून जागा बदलायचे. तिने तीनदा पान फाडलं आणि शेवटी ‘खूप’ असं लिहिलं. मोजणीच्या जागी तिने लिहिलेला तो एकमेव शब्द. मागे धाकटा कॅराव्हॅनच्या पायरीवर बसून आपले दगड रांगेत मांडत होता, अप्पा त्याला त्यांची एसटी करून दाखवत होते: हा ड्रायव्हर, हा कंडक्टर, हे मागचे उभे पॅसेंजर.

कॅराव्हॅन परत देताना त्या माणसाने मागचा बंक उचलून पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. “मागे वजन ठेवू नका म्हणालो होतो,” तो म्हणाला. दगड उतरवायला दोन बादल्या लागल्या.

घरी आल्यावर अप्पांनी डेपोतल्या जुन्या सोबत्यांना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे चार-पाच डोकी एका फोनवर वाकलेली. “पाहिलं ना सगळं! ते बारा हायेत ना समुद्रात, बाराच्या बारा पाहिले. निळं तळं? डोळे दिपतात राजेहो. गुलाबी? गुलाबी म्हंजे गुलाबी. अन् ती मागची खोली? रिव्हर्स मीच घ्यायचो.”

“अप्पा, खोटं!” थोरली वही घेऊन धावत आली. तिने पान उघडून फोनसमोर धरलं.

अप्पांनी फोन छातीशी धरला. “अगं, पोरानं एवढा खर्च केला. सात सांगून कसं चालंल?”

“सातच आहेत. मी मोजलेत.”

पलीकडून डेपो हॅलो हॅलो करत होता. अप्पांनी वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बरं, आठ लिही. तो आडचा धरून.”